संगणकातल्या कागदांची दुसरी कणगी

रोहिणी नक्षत्रातले दिवस होते. सिंदेवाहीकडच्या एका गावात मी धानाच्या बियाण्याची उगवणशक्ती पाहायला गेलो होतो. आदल्या रात्री वळवाचा पाऊस विजांसकट कोसळला होता, आणि गावाबाहेरच्या एका मोहाच्या झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. ज्या घरी गेलो तिथे बियाण्याचे पोते ओसरीवरच होते. पण घरातल्या कुणाचे लक्ष त्याकडे नव्हते. सगळे आतल्या खोलीत टेबलावरच्या संगणकाभोवती उभे होते.

“साहेब, बियाण्याले बलावलं होतं तुमाले, पन आधी हे डबडं पाहा जी. रातच्यापासून चालूच होऊन नाही राहिलं,” घरचे बुजुर्ग म्हणाले.

“मामाजी, डबडं नाही ते,” सून हळूच म्हणाली. “बचत गटाचा चार वर्षांचा हिशेब आहे त्यात.”

संगणक जळाला होता. त्यातली हार्ड डिस्कही गेली होती. मी विचारले, “दुसरी प्रत कुठे आहे?” ती म्हणाली, “कशाची?”

मग मी बुजुर्गांना विचारले, “काका, घरचे बियाणे तुम्ही कुठे ठेवता?” ते म्हणाले, “एक कोठीत, एक माळ्यावर, अन् थोडं लेकीच्या घरी. कोठीत पानी गेलं तं का पेरू मी?”

यापुढचे काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पण नुकसान व्हायचे ते झालेच होते. गटातल्या बायांनी बँकेचे पासबुक, जुन्या वहीची काही पाने आणि स्वतःची आठवण यांच्या आधारे तीन रात्री बसून हिशेब पुन्हा मांडला. दोघींचे हप्ते मात्र जुळले नाहीत ते नाहीतच. पैसे भरले होते की नव्हते, हा वाद पोळ्यापर्यंत चालला. एका गल्लीत राहणाऱ्या, एकाच बांधीत रोवणीला जाणाऱ्या बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शेतकरी बंधुभगिनींनो, संगणक बिघडला तर दुसरा आणता येतो. त्याच्या पोटातले मात्र बाजारात विकत मिळत नाही.

मी हे शहाणपणाने सांगतो आहे असे समजू नका. माझ्या स्वतःच्या घरच्या संगणकात पीक प्रात्यक्षिकांच्या अकरा हंगामांच्या नोंदी होत्या. यंत्र हळू चालते म्हणून दुरुस्तीला दिले. दुकानदाराने ते झकास वेगवान करून परत दिले, कारण त्याने आतले सगळे पुसून नवे विंडोज घातले होते. त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. असो.

कोणते कागद आधी?

आपल्या घरी कागद नाना तऱ्हेचे असतात. सगळेच जपायला बसलो तर काहीच जपले जात नाही, म्हणून आधी दोन ढीग करावेत. एक, पुन्हा मिळणाऱ्या कागदांचा. सातबारा आता राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीसह पुन्हा काढता येतो. आधार पुन्हा मिळते. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये अनेक दाखले ठेवलेले मिळतात. या कागदांच्या प्रती जवळ असाव्यात, पण त्यांच्यासाठी झोप घालवू नये.

दुसरा ढीग पुन्हा न मिळणाऱ्यांचा. बचत गटाचा हिशेब, तेंदूपानाच्या फळीवरची मजुरांची रोजची नोंद, वारलेल्या वडिलांचे फोटो, म्हाताऱ्या आजीने माडिया बोलीत गायलेली आणि नातवाने मोबाईलवर उतरवून घेतलेली गाणी. ही कोणत्याही सरकारी कचेरीत नाहीत. ती फक्त तुमच्या घरात आहेत.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत या दुसऱ्या ढिगात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे ग्रामसभेचे दप्तर. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. पुढे २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्याला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. व्यवहार आला की ठराव, लिलाव, मजुरी, हिशेब आणि तपासणी हे सगळे आले. हे काम बहुधा गावातला एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी आपल्या घरच्या संगणकावर करते. म्हणजे सगळ्या गावाचा हक्क एका घरातल्या एका डबीत असतो. त्या डबीवर वीज पडली तर नुकसान एका घराचे होत नाही.

मोठ्यांचेही असेच होते

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर गेली, माणसे दगावली आणि राज्यकारभाराच्या फायलींची राख झाली. ज्या कागदांची संगणकात प्रत घेतलेली होती ते वाचले. बाकीच्या फायली, जिथे जिथे एखादी प्रत सापडेल तिथून गोळा करून, पुन्हा उभ्या कराव्या लागल्या.

दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका प्रोग्रॅममार्फत ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. मर्स्क ही जहाजांची बलाढ्य कंपनी त्यात सापडली. आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या त्यांच्या समूहाच्या धक्क्याचे कामही अडले. आता पाहा, या कंपनीकडे प्रती नव्हत्या का? होत्या. जगभरच्या कचेऱ्यांत सुमारे दीडशे मुख्य संगणक होते आणि प्रत्येकात तीच नोंदवही होती. एक बिघडला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. पण ते सगळे एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे एकाच वेळी सगळे पुसले गेले. एक तेवढा वाचला. आफ्रिकेतल्या घाना देशातला. तो का वाचला? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो बंद होता!

भारनियमनाला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पण एका जगड्व्याळ कंपनीची नोंदवही खंडित विजेने वाचवली. पुढची गंमत अशी की घानातले इंटरनेट इतके मंद होते की तिथून सगळे पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे इंग्लंडचा व्हिसाही नव्हता. शेवटी एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्या दुसऱ्याने ती इंग्लंडला पोचवली. आपल्याकडे एटापल्ली-भामरागडच्या बाजूला टॉवरची रेंज शोधत टेकडी चढणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

या हकीकतीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जोडलेली प्रत सोयीची असते, पण ती मूळ यंत्राबरोबरच बुडू शकते. आणि एक प्रत वायरीपासून सुटी, बंद करून ठेवलेली असावीच. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने याचा सोपा हिशेब घालून दिला आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमच्या काकांचे कोठी, माळा आणि लेकीचे घर यापेक्षा वेगळे काय आहे?

घरातल्या घरात जाळे

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. घरात वायफायचा राऊटर असेल, मग तो फायबरचा असो की सिमकार्डाचा, तर घरातल्या यंत्रांचे जाळे आधीच तयार आहे. अनेकांना वाटते की इंटरनेट बंद म्हणजे वायफाय निरुपयोगी. तसे नाही. गावाबाहेरची लाईन तुटली तरी राऊटरला वीज मिळते तोवर एका खोलीतला संगणक दुसऱ्या खोलीतल्या संगणकाशी बोलू शकतो. बांधाबाहेरचा पाट आटला तरी बांधीतले पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेता येते, तसेच हे.

दुसऱ्या खोलीत ठेवायला नवे यंत्र घेण्याची गरज नाही. मुलाने कॉलेजात वापरून टाकून दिलेला जुना लॅपटॉप चालतो. काही राऊटरांना मागे यूएसबीचे भोक असते, त्यात डिस्क लावली तरी ती सगळ्या घराला दिसते. फक्त याच कामासाठी केलेल्या, दोन डिस्क बसणाऱ्या पेट्याही बाजारात मिळतात. चार-पाच जण मिळून काम करणाऱ्या ग्रामसभेच्या कचेरीला ती पेटी शोभेल. एका घराला जुना लॅपटॉप पुरे.

त्या जुन्या यंत्रावर एक रिकामे फोल्डर करावे. त्यावर माऊसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘शेअरिंग’मध्ये जावे, आणि ते फोल्डर घरच्या जाळ्यावर खुले करावे. पण सगळ्यांना खुले करू नये. फक्त प्रतीसाठी म्हणून वेगळ्या नावाचा एक वापरकर्ता करावा, त्याला पासवर्ड द्यावा आणि लिहिण्याची परवानगी तेवढ्या एकालाच ठेवावी. हा पासवर्ड रोजच्या पासवर्डासारखा असू नये. कोठीची आणि घराची किल्ली एकच ठेवली तर चोराचे कामच सोपे होते.

मग कामाच्या संगणकावर, म्हणजे जिथे हिशेब आहे तिथे, विंडोजच्या ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये ‘फाईल हिस्टरी’ शोधावी. ही सोय विंडोजमध्ये फुकट आहे. तिथे ‘सिलेक्ट ड्राईव्ह’मध्ये जाऊन ‘ॲड नेटवर्क लोकेशन’ निवडावे, जुन्या लॅपटॉपवरचे ते फोल्डर दाखवावे आणि सोय चालू करावी. मुद्दाम बदलले नाही तर ती दर तासाला पाहते की कोणती फाईल बदलली, आणि तेवढीच उचलून पलीकडे ठेवते. जुनी आवृत्तीही राहू देते. समजा मंगळवारी चुकून गटाच्या हिशेबातल्या चाळीस ओळी पुसल्या गेल्या आणि शनिवारी लक्षात आले, तर सोमवारची फाईल काढता येते. भारनियमनाच्या मुलखात हिचा आणखी एक गुण म्हणजे, पलीकडचे यंत्र बंद असेल तर ती बदल काही काळ जवळ धरून ठेवते आणि ते यंत्र सुरू झाले की पोचवते. त्यामुळे जुना लॅपटॉप दिवसभर चालू ठेवून वीज जाळण्याचे कारण नाही. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी तासभर चालू केला की झाले.

एक अडचण मात्र नेहमी येते. ही सोय ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’ अशा ठरावीक जागांमधल्याच फायली पाहते. पुष्कळ जण हिशेब डी ड्राईव्हवर भलत्याच नावाच्या फोल्डरात ठेवतात, आणि मग वर्षभर प्रत निघते आहे अशा समजुतीत राहतात. हिशेब आधी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये आणून ठेवा.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर हेही ध्यानात असू द्या की मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. अशा यंत्रावर इंटरनेट पाहू नये, ईमेल उघडू नये. ते फक्त कणगी म्हणून वापरावे.

पहिली प्रत आणि धीर

पहिली प्रत मोठी असते. समजा फोटो-गाणी धरून १०० जीबी आहे. दोन्ही यंत्रांना राऊटरपर्यंत साधी १०० एमबीपीएसची नेटवर्क वायर लावली तर हे काम साधारण पावणेतीन तासांत होते. दोन मातीच्या भिंतींआडून येणाऱ्या वायफायवर सेकंदाला ३ एमबीच जात असतील तर सव्वानऊ तास लागतात. आणि तेच २ एमबीपीएसने वर चढवणाऱ्या मोबाईलच्या रेंजवर क्लाऊडमध्ये पाठवायचे म्हटले तर साडेचार दिवसांहून अधिक, तेही मध्ये एकदाही रेंज न जाता! म्हणून पहिली प्रत वायरीने घ्यावी आणि पुढची रोजची थोडी थोडी वायफायने जाऊ द्यावी. क्लाऊडला माझा विरोध नाही. ज्यांच्या गावात भारतनेटची किंवा अन्य फायबर लाईन धड चालते, त्यांनी दुसऱ्या ढिगातले मोजके कागद तिथेही ठेवावेत. पण रस्ता आणि टॉवर दोन्ही बंद पडतात त्या महिन्यांत एकट्या क्लाऊडवर विसंबू नये.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. “आमचे फोन आणि कॉम्प्युटर सिंक आहेत, आम्हाला प्रतीची गरज नाही,” असे मुले सांगतात. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. मर्स्कचे दीडशे आरसे असेच फुटले. व्हॉट्सॲपवर पाठवले म्हणजे जपले, हीही तशीच समजूत.

सुटी डिस्क

तिसरी प्रत सुट्या डिस्कवर. महिन्यातून एकदा, समजा अमावास्येला, ती संगणकाला लावावी, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ त्यावर उतरवावे आणि लगेच काढून घ्यावी. लावून ठेवली तर ती सुटी राहिली नाही. वीज विजेच्या तारेवरून येते तशी तांब्याच्या टेलिफोन वायरीवरून आणि नेटवर्कच्या वायरीवरूनही येते. म्हणून मृगाच्या गडगडाटात संगणकाचा प्लग काढला पण मागची वायर तशीच ठेवली, असे करू नये. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण फायबरच्या डबीला लावलेल्या चार्जरवाटे येते.

डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, दमट हवा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. पेन ड्राईव्हवर वर्षानुवर्षांचा भरवसा ठेवू नये. वापराविना पडून राहिल्यास तो आतल्या आत विसरतो. हार्ड डिस्कही अमर नाही, काही वर्षांनी बदलावी.

आणि ती घरात ठेवू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत घरांत पाणी शिरले. जुलै २०२२ मध्ये सिरोंचाकडे गोदावरीने तेच केले. त्या पाण्यात पहिल्या खोलीतला संगणक आणि दुसऱ्या खोलीतला लॅपटॉप यांत फरक तो काय राहणार! डिस्क दुसऱ्या गावी, उंचावरच्या घरी, विश्वासू सोयऱ्याकडे असावी. जगानेही बियाण्यासाठी हेच केले आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात डोंगराच्या पोटात २००८ पासून देशोदेशीच्या बियाण्यांच्या जोड-पिशव्या ठेवल्या आहेत. सीरियातल्या लढाईमुळे अलेप्पोजवळच्या इकार्डा संस्थेला आपल्या बियाण्याच्या भांडाराचे काम चालवणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ साली तिने स्वालबार्डमधून आपले बियाणे मागवले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले आणि पुढे पुन्हा तिथे नेऊन ठेवले.

डिस्क बाहेर जाणार म्हणजे ती हरवूही शकते, म्हणून तिला कुलूप लावावे. विंडोजच्या काही आवृत्त्यांत ‘बिटलॉकर’ नावाचे कुलूप असते. नव्या संगणकांत ते कधी कधी न सांगताच आतल्या डिस्कला लागलेले असते, आणि दुरुस्तीच्या वेळी यंत्र अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली आजच काढून कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांच्या ट्रंकेत ठेवा. घरात किमान दोघांना ती ठाऊक असावी. एकट्या मुलाला ठाऊक आणि मुलगा पुण्याला नोकरीवर, असे मी पाहिले आहे.

उगवण पाहिल्याशिवाय बियाणे नव्हे

ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजण्याची रीत आपल्याला पाठ आहे. पोते भरलेले आहे म्हणून कुणी पेरत नाही. प्रतीचेही तसेच करावे. तीन महिन्यांतून एकदा पलीकडच्या यंत्रावरून एक जुना हिशेब, एक फोटो आणि एक गाणे परत काढून उघडून पाहावे. फोटो दिसला, गाणे वाजले, बेरीज जुळली तर ठीक. न उघडल्यास संगणक धडधाकट आहे तोवर नवी प्रत घेता येते. मी ज्या ज्या घरी हे करून पाहिले त्यांतल्या काही घरी फोल्डर गच्च भरलेले होते, पण हिशेबाची फाईलच त्यात नव्हती. ती त्याच डी ड्राईव्हवर होती.

हे सगळे काम पुरुषांवरच टाकावे असे नाही. गटाचा हिशेब बायांचा आहे, तेव्हा किल्लीही त्यांच्या हाती असावी. ग्रामसभेच्या दप्तराची प्रत कोण घेते, डिस्क कोणाच्या घरी आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे दर ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात लिहावे. सचिव बदलला की डिस्क आणि किल्ली सही घेऊन सोपवावी. आणि वर्षाच्या हिशेबाची एक छापील वही सह्यांसकट बांधून ठेवावी. तिला वीज लागत नाही. वाळवी तेवढी सांभाळा.

सिंदेवाहीकडच्या त्या घरी गेल्या हंगामात पुन्हा जाणे झाले. नवा संगणक आला आहे, जुना लॅपटॉप देवघराशेजारच्या फळीवर आहे. सुटी डिस्क कुठे आहे म्हणून विचारले तर बुजुर्ग हसले आणि म्हणाले, “लेकीच्या घरी. बियाण्याच्या डब्यातच ठेवली तिनं. पोळ्याले घेऊन येते, नवा हिशेब भरते अन् घेऊन जाते.” डब्याच्या झाकणावर सुनेने खडूने महिना लिहिला होता. तो नीट पाहून घेतला आणि मग आम्ही ओसरीवर बसून धानाचे दाणे मोजायला घेतले.